चौथा चरण

डिसेंबर लागला की झोपायच्या आधी मी एकदा अंगणात येते आणि आभाळ बघून घेते. घरात ही सवय आम्हा दोघांनाही आहे, कारणं मात्र वेगळी. आमचे हे हरभऱ्यासाठी बघतात. घाटे भरायच्या दिवसांत दोन-चार दिवस ढग राहिले की घाटेअळी उठते, मग फवारणी, मग उधारी. मी बर्फासाठी बघते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात थंडी कितीही पडली तरी अंगणातल्या बादलीतलं पाणी काही गोठत नाही. पहाटे तुरीची पानं दवाने ओली होतात, बाया शेकोटीभोवती हात चोळत बसतात, तेवढीच आमची थंडी. तरी आभाळ उघडं असलं, चांदण्या टपोऱ्या दिसल्या की मनात येतं, आज तिकडे बर्फ चांगला धरला असेल.

तिकडे म्हणजे सिमल्याला. तिथल्या एका महिन्याची ही गोष्ट. तो महिना माझ्या वाट्याला आला नसता तर मी आज काय असते, हे मला खरंच सांगता येणार नाही.

मी तेव्हा नववीत होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून पुढच्या शिक्षणासाठी मला आजोळी ठेवलं होतं, दारव्ह्याकडे. आजोबा नव्हते. आजी पाच एकरांचं रान एकटी सांभाळायची आणि माझं बोलणंही तीच सांभाळायची, कारण मी बोलत नसे. दुकानात गेले की सामानाची चिठ्ठी पुढे करायची. पाहुणे आले की मागच्या दाराने न्हाणीकडे. गावातल्या बाया मला घुमी म्हणत. त्यात राग नव्हता. एखाद्या गाईला मोरी म्हणावं, तसं ते माझं नाव पडलं होतं.

शाळेतली हजेरी अजून आठवते. माझ्या आधी अकरा नावं होती. सातव्या नावापासूनच माझा घसा कोरडा व्हायला लागायचा. आठवं, नववं, दहावं. 'हजर' हा तीन अक्षरांचा शब्द मी मनातल्या मनात पाच-सहा वेळा म्हणून घ्यायची आणि तरीही तो तोंडातून निघायचा तेव्हा निम्मा हवेतच विरलेला असायचा.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला सरांनी मला भाषण दिलं. पोरगी धीट व्हावी हा त्यांचा हेतू होता, यात मला शंका नाही. दीड पानाचं भाषण मी असं पाठ केलं होतं की झोपेत उठवलं तरी म्हटलं असतं. माइकसमोर उभी राहिले. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपर्यंत आले आणि पुढे काहीच नाही. शब्द विसरले नव्हते. ते सगळे जागेवर होते, मला दिसत होते. पण तीनशे-चारशे डोळे माझ्या अंगावर येऊन बसले होते आणि त्या वजनाखाली मला हलता येत नव्हतं. झेंड्याच्या दोरीला मारलेली गाठ मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. शेवटी माइकवरूनच आवाज आला, 'जा, बस खाली. तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे?'

त्या दिवसापासून मी घुमीची गुळणी झाले. शाळा सुटेपर्यंत तेच नाव राहिलं.

एकच जागा अशी होती जिथे मला कसलाही त्रास नव्हता, ती म्हणजे शेत. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलं की प्रत्येकीने आपली पात धरायची. दोन-दोन तासांची, म्हणजे पिकाच्या दोन-दोन ओळींची पात. या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकदा पात धरली की नजर समोरच्या पऱ्हाटीवर, हात बोंडांवर. बाया बोलत असायच्या, सुनांच्या, दवाखान्याच्या, बचत गटाच्या गोष्टी चालायच्या. मी गुपचूप वेचत जायची आणि सगळ्यांच्या आधी पलीकडच्या बांधावर पोचायची. न बोलणाऱ्याची पात लवकर संपते. तिथे उभं राहून मागे बघितलं की वाटायचं, इथे माझ्याकडे कोणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष आपापल्या तासाकडे आहे. किती बरं वाटायचं.

माझा मामा फौजेत होता आणि त्या काळात सिमल्याला होता. मामी पहिलटकरीण. तिची आई आजाराने अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपणाला आजीने जायचं ठरलं. आजीने आयुष्यात अमरावतीच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता आणि तिला अक्षरओळख नव्हती. बोर्ड वाचायला कोणीतरी हवं होतं. माझ्या आईबाबांनी महिनाभर शेताकडे येऊन राहायचं कबूल केलं, शाळेत अर्ज गेला. आजी मला म्हणाली, 'बोलाचं मी पाह्यतो, वाचाचं तू पाह्यजो.'

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून कालका. कालक्याच्या फलाटावर ती इवलीशी गाडी बघून आजी थबकली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. 'आवं माय, हे तं आपली शकुंतला व्हय!' यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला आमच्या दारव्ह्यावरून जायची. आजी लग्नानंतर त्याच गाडीने सासरी आली होती. मला ते तेव्हा म्हातारीचं भाबडेपण वाटलं. पुढे कळलं की तिची नजर बरोबर होती. दोन्ही रुळांची रुंदी एकच, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आमची शकुंतला कापसासाठी आखलेली, ही १९०३ साली सुरू झालेली साहेबांना थंड हवेला न्यायला. आता शकुंतला धावत नाही. कालक्याची गाडी अजून शंभराहून जास्त बोगद्यांतून ९६ किलोमीटर चढत जाते. आजीने सगळे बोगदे बोटांवर मोजायला घेतले होते. तिसाच्या पुढे ती झोपी गेली.

मामाचं क्वार्टर दोन खोल्यांचं. आजी नऊवारी लुगड्याखाली मामाचे फौजी लोकरी मोजे घालून, अंगात त्याचा जाडजूड कोट चढवून घरभर फिरायची. तिने गावाहून आणलेला डिंक, खोबरं, खारीक, ज्वारीचं पीठ एका कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. आम्ही पोचल्यावर पाचव्या दिवशी मामीला मुलगी झाली. पाळणा नव्हता, म्हणून दोन खुर्च्यांना दोरी बांधून आजीने झोळी केली आणि त्या झोळीची दोरी ओढत ती ओव्या म्हणायला लागली. आजीच्या ओव्या जात्यावरच्या. जातं केव्हाच माळ्यावर गेलं होतं, पण हाताला ती ओढ राहिलेली. एक ओवी तिने तिथेच जुळवली होती:

लेक माहा दूर देशी, बर्फाच्या गा डोंगरात,
पायन्याची दोरी माही, ठेवली मी पदरात.

एका संध्याकाळी मामा मला लक्कड बाजारात घेऊन गेला. रिजवरून, म्हणजे सिमल्याच्या वरच्या मोकळ्या चौकातून, खाली उतरताना आधी आवाज ऐकू आला. विळ्याला दगडावर धार लावताना येतो तसा, पण लांबच लांब, संपता न संपणारा. कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली दिव्यांच्या उजेडात एक पांढरंशुभ्र पटांगण आणि त्यावर माणसं गोल गोल फिरत होती. चालत नव्हती, धावत नव्हती. पाय उचलल्याचंही कळत नव्हतं. मामाने सांगितलं, हे बर्फावरचं स्केटिंग १९२० सालापासून चालू आहे. ब्लेसिंग्टन नावाच्या एका इंग्रजाने टेनिसच्या मैदानावर सांडलेलं पाणी रात्रीतून गोठलेलं बघितलं आणि मग मुद्दाम पाणी सोडून बघितलं, अशी तिथली गोष्ट. यंत्र वगैरे काही नाही. रात्री जमिनीवर पातळ पाणी मारायचं, ते धरलं की पुन्हा पातळ थर, पुन्हा थर. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी उतरल्यावर खेळायचं. बाकी सगळं आभाळाच्या हातात.

मी मात्र बर्फ बघत नव्हते. मी लोकांच्या नजरा बघत होते. त्या पटांगणावर साठ-सत्तर माणसं असतील आणि एकही जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. प्रत्येकाची नजर आपल्या पुढच्या सात-आठ फुटांवर. हे मला ओळखीचं वाटलं. ही सगळी पात धरलेली माणसं होती.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक नऊ वर्षांचा मुलगा होता, तो रोज सकाळी जायचा. मामाने मला त्याच्या गळ्यात बांधलं. मोठ्या माणसांसमोर माझी वाचा बसायची, पण नऊ वर्षांच्या पोरापुढे लाजायचं कशाला? तिथे भाड्याने बूट मिळायचे. कातडं टणक झालेले, आधीच्या कोणाच्या तरी पायाचा आकार घेतलेले. त्याने माझ्या नाड्या इतक्या आवळल्या की पोटऱ्या दुखल्या. पहिला दिवस कठडा धरून गेला. दुसऱ्या दिवशी कठडा सोडला आणि बर्फाच्या मधोमध खांबासारखी उभी राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना, पंधरा ऑगस्टसारखंच. तो पोरगा माझ्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, 'दीदी, दोनों पैरों पर खड़ी रहोगी तो खड़ी ही रहोगी.'

बुटाखालचं पातं जवळून बघितलं तर ही गोष्ट उमगते. त्याची जाडी जेमतेम चार मिलिमीटर. खालच्या बाजूने मधोमध एक बारीक खोबण असते, त्यामुळे त्याला धार एक नसते, दोन असतात, आतली आणि बाहेरची. सरळ उभं राहिलं की दोन्ही धारा बर्फावर टेकतात आणि माणूस जागच्या जागी. जायचं असेल तर झुकावं लागतं. एका पायाने बाजूला रेटायचं आणि सगळा भार, अगदी सगळा, दुसऱ्या पायाच्या एका धारेवर टाकायचा. निम्मा भार मागच्या पायावर राखून ठेवला, की पडलंच. मी राखून ठेवत होते आणि पडत होते. उजव्या मांडीवर हातभर काळानिळा डाग पडला होता. पडायचंही शिकवलं त्याने: गुडघे वाकवून बाजूला पडायचं आणि मुठी मिटून घ्यायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जात नाही.

तो मला 'एक, दो, एक, दो' असं मोजायला सांगायचा. माझे आकडे घाईत पळायचे आणि पाय त्यांच्या मागे अडखळायचे. चौथ्या की पाचव्या सकाळी, आता नेमकं आठवत नाही, मी आकडे सोडून दिले आणि आजीसोबत रोज संध्याकाळी म्हणायची तो एक अभंग पुटपुटायला लागले. भीती वाटली की मी तो म्हणते, तेवढंच कारण होतं.

त्याच वर्षी मराठीच्या तासाला आम्ही अभंगाची बांधणी शिकलो होतो. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. वहीत मी ते लिहून घेतलं होतं, परीक्षेत दोन गुणांना येतं म्हणून. बर्फावर ते पायांना कळलं. सहा अक्षरं उजव्या पायावर, सहा डाव्या, सहा पुन्हा उजव्या. प्रत्येक चरणाला एक रेटा. चौथ्या चरणात चार अक्षरं म्हणून होतात आणि दोन अक्षरांची जागा उरते. त्या जागेत काहीच करायचं नसतं. रेटायचं नाही, पाय बदलायचा नाही. आधीच्या तीन चरणांनी जो वेग दिला त्यावर फक्त जात राहायचं. गाणारे बुवा त्या जागी सूर लांबवतात, टाळकरी मान डोलावतात, ते का, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

मी गेले. दहा-बारा फूट असेन, जास्त नाही. एका पायावर, एका धारेवर, न पडता.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण आता मी स्वतः शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी एखादी तरी घुमी पोरगी वर्गात असते. अबोल मुलाला धीट करायचं म्हणून त्याला स्टेजवर ढकलणं, हे मला पटत नाही. पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत लोटण्यासारखं आहे ते. त्यातून काहीजण पोहतात, त्यांच्या गोष्टी आपण सांगतो. बाकीचे काठापासून कायमचे दूर जातात, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, कारण ते बोलतच नाहीत. मला बोलायचं नव्हतं असं नाही. मला बघून घेतलं जाणं सोसत नव्हतं. अभंगाने आणि बर्फाने मला एकच दिलं: लक्ष ठेवायला दुसरी जागा. सहा अक्षरं मोजायची असतील तर समोर कोण हसलं हे बघायला सवड नसते. भार धारेवर ठेवायचा असेल तर आपण कसे दिसतो हा विचारच पाडतो.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये मामाच्या कँटीनच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर, मी स्वतःचा अभंग जुळवायला बसले. तीन चरण सापडले, मग चौथा. आजी झोळीची दोरी ओढत होती. तिला म्हणून दाखवला. म्हणजे तिच्याकडे पाठ करून, खिडकीकडे बघत म्हटला. 'पाणी झाले भुई, भुईचा आरसा, उमटे ठसा, माझा तेथे.'

आजीने दोरी ओढणं थांबवलं. 'अजून एकदा म्हन.'

मी म्हटलं.

'तिसऱ्यात दाना कमी पडला वं. जातं रिकामं फिरलं.'

मी बोटांवर मोजलं. उ-म-टे-ठ-सा. पाचच. जिला अ की ब कळत नव्हतं तिने खुर्चीवर बसल्या बसल्या एक अक्षर कमी पकडलं होतं. मला वाईट वाटलं नाही. उलट असं वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कोणीतरी पुरतं ऐकलं. रात्रभर तो एक दाणा शोधला. सकाळी सापडला, 'उमटला ठसा'.

मग ढग आले. तीन दिवस सिमल्यावर गच्च ढग. मी रोज कठड्यापर्यंत जाऊन यायची. खाली बर्फावर पाण्याचे डबके साचलेले आणि मधूनमधून काळी ओली जमीन उघडी पडलेली. मला वाटायचं ढग म्हणजे थंडी वाढणार. तिथल्या पाणी मारणाऱ्या माणसाने समजावलं, उलट आहे. जमीन दिवसभराची ऊब रात्री वर आभाळात सोडते. ढग असले की ती ऊब अडून राहते, गोधडी पांघरल्यासारखी, मग पाणी धरत नाही. आभाळ उघडं लागतं. हरभऱ्याला लागतं तसंच. हे मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. आमच्याकडे ढग आले की अळी येते म्हणून. तो म्हणाला, आमच्या सफरचंदांना तर थंडी भरपूर लागते. आम्ही पाच मिनिटं उभं राहून बोललो. क्वार्टरवर परत येताना अर्ध्या चढावर लक्षात आलं की मी एका अनोळखी माणसाशी बोलले, आणि सुरुवात मी केली होती.

चौथ्या रात्री आभाळ मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा खेळ संपल्यावर मी मुद्दाम मागे थांबले. माणसं गेली होती, दिवे चालू होते. बर्फावर रेघाच रेघा. जाड, बारीक, एकमेकींना कापणाऱ्या, काही सरळ, बहुतेक वाकलेल्या. कोपऱ्यात मी जिथे सराव केला होता तिथल्या माझ्या रेघा मला ओळखू आल्या. एका ठिकाणी रेघ जाता जाता तुटली होती, बाजूला खरवडल्यासारखी जागा, तिथे मी पडले होते. आणि पुढे पुन्हा रेघ सुरू. बसून हात लावून बघितला. खाच नखात येत होती. मग तो माणूस नळी घेऊन आला, पाणी मारलं आणि सगळं पान पुन्हा कोरं झालं.

फिगर स्केटिंग या नावातला 'फिगर' म्हणजे मुळात ह्याच रेघा, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी स्पर्धेत खेळाडूंना बर्फावर पायाने आकृत्या काढाव्या लागत, वर्तुळं, इंग्रजी आठाचा आकडा, आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जावं लागे. परीक्षक बर्फावर वाकून रेघ तपासत. उड्या आणि गिरक्यांपेक्षा टीव्हीवर ते नीरस दिसे म्हणा, किंवा आणखी काही, १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो भाग काढून टाकला. मला त्याचं वाईट वाटतं. खेळाडूकडे न बघता तिने काढलेल्या रेघेकडे बघायचं, असा एक काळ खेळात होता. मी त्या काळात शोभले असते.

त्याच रात्री दुसरं कडवं आलं, एकदम, एकही अक्षर न अडता:

पडले मी जिथे, तिथे आहे रेघ,
नाही एक मेघ, आभाळात.

पुढे बर्फावर जायचा योग आला नाही. त्या महिन्यात बारा-तेरा वेळा गेले असेन, तेवढीच माझी पुंजी. उड्या, गिरक्या यांतलं काहीही मला कधी आलं नाही. मधल्या काळात पेपरात लडाखच्या मुलींची बातमी वाचली की मी ती कापून ठेवायची. गोठलेल्या तळ्यांवर, मिळतील ते बूट घालून आइस हॉकी शिकलेल्या मुली. भारताच्या महिला संघात बहुतेक त्याच. २०१६ साली त्या पहिल्यांदा देशाबाहेर खेळायला गेल्या आणि हरून आल्या. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. आणि २०२५ मध्ये अमिरातीत झालेल्या आशिया कपमध्ये कांस्यपदक. ती सगळी कात्रणं माझ्या कपाटात आहेत. सिमल्याच्या बातम्याही वाचते. हिवाळे उबदार होत चालले, खेळायचे दिवस कमी होत चालले, असं दरवर्षी छापून येतं. म्हणून तर मी अंगणात येऊन आभाळ बघते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गावी परतलो. शेतात शेवटची वेचणी चालू होती. रविवारी आजीसोबत मीही ओटी बांधून गेले. आठ-नऊ बाया होत्या. पात धरली. ऊन कोवळं होतं. सिमल्याच्या गोष्टी आजी सांगत होती. शकुंतलेसारखी गाडी, मामाचे मोजे, नातीचं नाक कोणावर गेलं. सांगता सांगता म्हणाली, 'आन् हिनं तिथं अभंग केला.'

मी मान खाली घालून बोंडं वेचत राहिले.

'म्हन वं,' आजी म्हणाली. मी म्हटलं नाही. तेव्हा तिनेच सुरुवात केली, आपल्या जात्याच्या चालीवर. 'पाणी झाले भुई...' आणि दुसऱ्या चरणाला थांबली. विसरली होती की मुद्दाम थांबली, मी तिला कधी विचारलं नाही. जातं रिकामं फिरायला लागलं. मला ते ऐकवेना. 'भुईचा आरसा,' मी म्हटलं. पऱ्हाटीकडे बघत, हात न थांबवता. मग पुढचं सगळं.

बायांनी शेवटची ओळ उचलली. अभंग म्हटला की शेवटची ओळ उचलायचीच, त्यात विशेष काही नव्हतं. 'नाही एक मेघ, आभाळात.' पलीकडच्या पातीवरची एक म्हातारी आभाळाकडे बघून म्हणाली, 'नाही तं बरंच हाय माय. घाटे भरून राह्यले.' सगळ्यांनी हो म्हटलं. मी चमकून तिच्याकडे बघितलं. त्या ओळीत हरभराही आहे, हे मला लिहिताना माहीत नव्हतं.

'पर पाणी भुई कसं झालं वं?' दुसरीने विचारलं. 'आन् त्याच्यावर पाय ठेवला तं फुटत नाही?'

आजीकडे बघितलं. तिला हे सांगता येण्यासारखं नव्हतं, ती बर्फावर कधी आलीच नव्हती. मग मीच सांगायला लागले. रात्री पाणी कसं मारतात. एकाच वेळी जास्त मारलं तर का धरत नाही. बुटाला खाली पातं असतं, विळ्यासारखं, पण सरळ. दोन धारा. झुकावं कसं लागतं. 'मंग पडली काय?' 'पडले ना. किती वेळा.' ओटी एका हाताने सावरून, पऱ्हाटीच्या दोन तासांमधल्या भुसभुशीत मातीत मी त्यांना उभं राहून दाखवलं, गुडघे वाकवून, एक पाय मागे रेटून. एकीने तसंच करून बघितलं आणि तोल जाऊन शेजारणीच्या खांद्याला धरलं. त्या नऊ वर्षांच्या पोराने काय म्हटलं तेही सांगितलं, हिंदीत, त्याच्याच आवाजात.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाया बांधावर पोचून ओट्यांतला कापूस गठोड्यात ओतत होत्या. मी अजून मधेच उभी. माझ्यापुढे तीसेक झाडं पांढरीशुभ्र, हात न लागलेली.

'आवं, तुही पात राह्यली!' आजी बांधावरून ओरडली.

दोघीजणी रिकाम्या ओट्या पुन्हा बांधत माझ्याकडे परत आल्या. एकीने समोरून झाड धरलं, दुसरीने बाजूचं तास घेतलं. बोंडाला हात घालत पहिली म्हणाली, 'हं, मंग? त्या ढगायच्या दिवशी काय केलं?'